बेलदरीचा अठ्ठेचाळीस दिवसांचा डिसेंबर

दोन हजार पाच सालचा डिसेंबर महिना सगळ्या जगात एकतीस दिवसांचा होता. घाटंजी तालुक्यातल्या बेलदरी गावात मात्र तो अठ्ठेचाळीस दिवस चालला. ही कोणी पारावर बसून उठवलेली आवई नाही. सरकारी कागदावर तशी नोंद होती, नोंदीखाली सही होती, सहीखाली गोल शिक्का होता. तो कागद तीन टेबलांवरून फिरला, तीन माणसांनी तपासला आणि तिघांनीही त्यावर बरोबरची खूण केली. आडवी बेरीज जुळत होती, उभी बेरीज जुळत होती, आणि कचेरीत बेरीज जुळली की बाकी कशाचं कशाशी जुळायची गरज राहत नाही.

चौथ्या टेबलावर विजयमाला ढगे बसायच्या. तिथे तो कागद अडकला.

विजयमालाबाई सांख्यिकी सहायक होत्या. यवतमाळात त्या वेळी एक कार्यालय होतं, जिल्ह्यातल्या कापूस खरेदी केंद्रांवर देखरेख ठेवणं हे त्याचं काम. नाव सांगून उपयोग नाही. ते पुढे दुसऱ्या कार्यालयात विलीन झालं, आणि आपल्यात नेमकं काय विलीन झालं याचा शोध ते दुसरं कार्यालय अजून घेत असेल. बाई शेहेचाळीस वर्षांच्या, अंगाने आडव्या, बोलायला उभ्या. जाड भिंगाचा चष्मा, पर्समध्ये दोन पेनं, एक शिसपेन्सिल, खोडरबर आणि लवंगांची पुडी. कागदावर चूक दिसली की त्या आधी एक लवंग दाढेखाली धरायच्या. बाईंनी लवंग काढली की आसपासची माणसं चहाला उठून जायची.

त्या मूळच्या नेरच्या. वडील नेरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. फळ्यावर लिहिलेली वेळ एक आणि गाडी यायची वेळ दुसरी, हे ज्ञान विजयमालाला अक्षरओळखीच्या आधी झालं. वडील प्रवाशांना फळ्यावरची वेळ सांगायचे आणि लेकीला खरी. 'खरी वेळ लोकायले काहून नाही सांगत?' असं तिने एकदा विचारलं, तर ते म्हणाले, 'बाई, फळा सरकारचा हाय, जीभ माही हाय. नोकरी फळ्याची हाय.' मुलीने ते ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवलं की आपण नोकरी करू तेव्हा फळा आणि गाडी एकाच वेळेवर आणू. असली पोरं पुढे नोकरीत फार सुखी होत नाहीत.

नोकरीत त्यांचं नाव झालं ते पंच्याऐंशी साली, बाळंतपणाच्या रजेवरून. नव्वद दिवसांची रजा, सव्वीस जानेवारीपासून. बाई पंचवीस एप्रिलपर्यंत घरी राहिल्या आणि सव्वीसला हजर झाल्या. आस्थापनेच्या बाबूने सांगितलं की रजा चोवीसलाच संपली, पंचवीस तारखेला तुम्ही विनापरवानगी गैरहजर होता. बाबूकडे रजा मोजायचा एक तयार तक्ता होता, काचेखाली ठेवलेला. तो चौऱ्याऐंशीचा. चौऱ्याऐंशीत फेब्रुवारी एकोणतीसचा होता आणि पंच्याऐंशीत अठ्ठावीसचा, एवढाच फरक. बाई म्हणाल्या, तक्ता बदला. बाबू म्हणाला, काच जड आहे. त्यावर बाईंनी अर्ज केला, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, आणि शेवटी नव्वद दिवसांची यादी केली, दर दिवसापुढे त्या दिवशी बाळाने काय केलं ते लिहून. नव्वदाव्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'बाळ पालथे पडले, आई कार्यालयाच्या लेखी गैरहजर.' तो एक दिवस त्यांना परत मिळाला, पण नऊ महिन्यांनी. मूल व्हायला जेवढा वेळ लागला तेवढाच तो दिवस मिळायला लागला, असं त्या स्वतःच सांगायच्या.

तर अशा बाईंच्या टेबलावर अठ्ठेचाळीस दिवसांचा डिसेंबर आला.

ती वर्षं कापसाला वाईट होती. पीक हातचं जायचं, आलंच तर भाव जायचा, आणि जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, ज्या कारणासाठी कोणत्याच जिल्ह्याचं येऊ नये त्या कारणासाठी. त्यामुळे यवतमाळात पाहुणे फार. मुंबईहून पथक, दिल्लीहून पथक, एकदा तर टोपी घातलेले दोन गोरे, ते शासकीय विश्रामगृहात पोट बिघडून तीन दिवस पडले आणि अहवाल लिहून परत गेले. प्रत्येक पथकाचा आपला छापील नमुना असायचा. एका पथकाने विचारलेलं दुसरं पथक विचारायचं नाही, ते तेच वेगळ्या रकान्यात विचारायचं. कार्यालयातली माणसं सकाळी नमुने भरायची, दुपारी नमुने भरायची, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं तो कास्तकार दाराशी आला तर त्याला सांगायची, 'उद्या या, आज तुमचीच माहिती भरून राह्यलो.'

दोन जानेवारीला कार्यालयात नवे साहेब रुजू झाले. अनंत घैसास, पुण्याचे. सज्जन माणूस, शर्टाला सुरकुती नाही, आवाजाला चढ नाही. यवतमाळला आपण चुकून आलो आहोत अशी त्यांची समजूत होती आणि चूक दुरुस्त व्हावी म्हणून त्यांनी तीन जानेवारीलाच बदलीचा अर्ज टाकला होता. खिडकीतून बाहेर बघताना ते असे बघायचे जसा माणूस फलाटावरून गाडीची वाट बघतो.

साहेब रुजू झाले तेव्हा बेलदरीचं केंद्र बंद होतं. चोवीस डिसेंबरला सकाळी वजनकाटा उघडलाच नाही. बारदाना संपला म्हणाले, मग कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर रजेवर गेला म्हणाले, मग बारदाना आला तर जिनिंगमध्ये जागा नाही म्हणाले. ते उघडलं दहा फेब्रुवारीला.

हे बाईंना कागदावरून कळायच्या आधी मामाकडून कळलं होतं. त्यांचे मामा भगवानराव बेलदरीपासून दोन कोसांवर राहायचे. पंधरा एकर वावर, पेराव्यात कापूस आणि तूर, तोंडात तंबाखू, आणि बोलण्यात कोणाचा मुलाहिजा नाही. कापसाच्या दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन ते तीन जानेवारीला केंद्रावर जाऊन उभे राहिले. आज उघडते, उद्या उघडते असं करता करता आठवडा गेला. परत न्यावं तर रांगेतला नंबर जातो, म्हणून सगळेच उभे. मामी लीलाबाई घरून डबा पाठवायच्या, मग डब्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी स्टोव्हच पाठवला. रांगेत एक न्हावी येऊन बसला, एक चहावाला आला, पत्त्यांचे तीन डाव कायमचे पडले.

आणि रांगेतच सोयरीक जुळली. मामाच्या मागे पारवा गावाकडचे एक कास्तकार उभे होते, त्यांचा मुलगा कपिल रोज बापाला डबा घेऊन यायचा. मामाची धाकटी समीक्षा बापासाठी भाकरी घेऊन यायची. दोन आठवडे दोघं एकाच बंडीच्या सावलीत डबे उघडत होती. मग दोन्हीकडच्या बापांना काय दिसायचं ते दिसलं, आणि भगवानरावांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर भाचीला यवतमाळला निरोप धाडला, 'रविवारी बावीस तारखेले समीक्षाचं साक्षगंध हाय. बेलदरीच्या काट्यावर येजो. मंडपाची गरज नाही, बंड्या हायेत.'

बाई गेल्या. नवरा पुंडलिकरावांनाही घेऊन गेल्या. पुंडलिकराव शाळेत चित्रकला शिकवायचे, बोलायचे कमी आणि बघायचे जास्त. बंद फाटकाला लागून रांग सुरू होत होती आणि नाल्याच्या पुलापलीकडे जाऊन संपत होती. बाईंनी सवयीने मोजली, त्र्याहत्तर बंड्या. कुलूपबंद काट्यासमोर सतरंजी घातली होती, तिच्यावर पोरीची ओटी भरली गेली, पोराला टोपी-शेला झाला. केंद्राचा चौकीदार वरपक्षाकडून की वधूपक्षाकडून हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, पण तो दोनदा जेवला.

'मामा,' बाईंनी विचारलं, 'किती दिवस झाले उभे राहून?'

'आज विसावा,' मामा म्हणाले. 'पोरीचं लग्न जुळलं. अजून महिनाभर बंद ठेवलं तर नातवाचं बारसंबी उरकून घेतो.'

मार्च उजाडला आणि दिल्लीचं पथक येणार असा निरोप आला. पथकाला हवं होतं एवढंच, की हंगामात कोणतं केंद्र कोणत्या महिन्यात किती दिवस बंद होतं. नमुना वरून आला होता, कॉम्प्युटरवर. बंद झाल्याची तारीख टाका, सुरू झाल्याची तारीख टाका, कॉम्प्युटर वजाबाकी करतो आणि उत्तर महिन्याच्या रकान्यात नेऊन टाकतो. कोणत्या महिन्याच्या? तर ज्या महिन्यात केंद्र बंद झालं त्या महिन्याच्या. मग पुढे ते संक्रांतीपर्यंत बंद राहो की होळीपर्यंत. बेलदरीचे सगळे अठ्ठेचाळीस दिवस डिसेंबरात जाऊन पडले. जानेवारी शून्य, फेब्रुवारी शून्य. जिल्ह्यात चौदा केंद्रं, सगळ्यांची मिळून बेरीज तीनशे बत्तीस दिवस, आणि ही एकूण बेरीज दिल्लीला फॅक्सने आधीच गेली होती. त्यात डिसेंबर तीनशे दोन, जानेवारी एकोणीस, फेब्रुवारी अकरा.

बाईंनी लवंग दाढेखाली धरली आणि कागद घेऊन साहेबांकडे गेल्या.

'साहेब, डिसेंबर अठ्ठेचाळीस दिवसांचा झाला आहे.'

साहेबांनी कागद बघितला. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा ते खरोखर दचकले. पण पुढच्याच क्षणी त्यांची नजर जानेवारीच्या रकान्यावर गेली आणि तिथे स्थिरावली. डिसेंबरात हे साहेब नव्हते, आधीचे होते. जानेवारीपासून हे होते. आणि जानेवारीच्या रकान्यात सगळं कसं शांत, स्वच्छ, शून्य होतं.

'एकूण बरोबर आहे ना?' त्यांनी विचारलं.

'एकूण बरोबर आहे.'

'मग झालं. फॉर्मॅट वरून आला आहे, बाई.'

'महिना त्याच्याहून वरून आला आहे, साहेब.'

साहेबांना मार्ग सुचला. अठ्ठेचाळीस हा आकडा डोळ्यांत खुपतो हे त्यांनाही मान्य होतं. तेव्हा एकतीसच्या वर जे जे गेलं असेल ते एकतीस करून टाका, असं त्यांनी सांगितलं. असली पाच केंद्रं होती. त्यांचे वरचे दिवस छाटले की डिसेंबर कसा डिसेंबरसारखा दिसेल.

'आणि छाटलेले एकोणचाळीस दिवस कुठे ठेवू?' बाईंनी विचारलं. आकडा त्यांनी तोंडीच काढला होता.

'कुठे ठेवायचे म्हणजे? ते राहिलेच नाहीत.'

'माझे मामा त्यातले बरेच दिवस तिथे उभे होते, साहेब.'

'ढगेबाई,' साहेब मऊ आवाजात म्हणाले, 'पथक दोन तास थांबणार आहे. त्यातला एक तास जेवण. कोणी बघणार नाही. तुम्ही टाइप करून द्या, सही माझी.'

बाईंनी टाइप करून दिलं नाही. ते काम शेजारच्या टेबलाने केलं. बाईंनी फाइलवर दोन ओळींची टिपणी लिहिली की हे आकडे मला मान्य नाहीत, खाली तारीख टाकली, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. तिथे शिपाई अमरसिंग राठोड स्टुलावर बसले होते. पन्नाशीचा माणूस, तांड्यावर चार एकर शेती, कचेरीतलं सगळं ऐकू येणारा.

'काय झालं बाई, साहेब ऐकत नाही?'

'तुम्हीच सांगा राठोडभाऊ. ढोर एकाच्या वावरात घुसलं, दुसऱ्याचं आख्खं वावर चरलं, आणि तिसऱ्याच्या धुऱ्या-बांधावरून बाहेर पडलं. तर नुकसान कोणाचं?'

'ज्याचं जेवढं खाल्लं तेवढं त्याचं.'

'आमचा नमुना म्हणते, जिथून घुसलं त्याचंच सगळं खाल्लं.'

अमरसिंगांनी विचार केला. 'मंग ज्याचं आख्खं खाल्लं तो तं मेला ना बाई. त्याले कोण विचारन?'

हे वाक्य बाईंच्या डोक्यात बसलं. शनिवारी त्यांनी चौदा केंद्रांच्या मिळून झालेल्या तेवीसच्या तेवीस बंदांच्या तारखा एका वहीत उतरवून घरी आणल्या. रविवारी सकाळी भाजी चुलीवर ठेवून त्या हिशोबाला बसल्या. कृती त्यांनी स्वतःच काढली. एकेका महिन्याला समोर उभं करायचं. केंद्र बंद झालं ती तारीख आणि महिन्याची पहिली तारीख, यातली उशिराची घ्यायची. केंद्र उघडलं ती तारीख आणि पुढच्या महिन्याची पहिली तारीख, यातली आधीची घ्यायची. दुसरीतून पहिली वजा. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर समजायचं की त्या महिन्याचा यात काही संबंध नाही, शून्य लिहायचं. बेलदरीचं आलं डिसेंबर आठ, जानेवारी एकतीस, फेब्रुवारी नऊ. बेरीज अठ्ठेचाळीस. ढोर तेच, पण आता ज्याचं वावर त्याला कळलं.

पुंडलिकराव पेपर वाचत होते. त्यांनी वर बघून एकच प्रश्न विचारला, 'चोवीस तारीख धरली का?'

'त्या दिवशी काटा उघडलाच नाही. धरली.'

'आणि दहा?'

'दहाला उघडला. नाही धरली.'

'भाजी लागली,' पुंडलिकराव म्हणाले, आणि उठून शाळेच्या कपाटातला मोठा कार्डशीट घेऊन आले. आकडे त्यांना कधी आवडले नाहीत, पट्ट्या आवडायच्या. दुपारभर बसून त्यांनी चौदा केंद्रांच्या चौदा ओळी आखल्या, वर महिने, आणि जितके दिवस केंद्र बंद तितकी लाल पट्टी. डिसेंबराच्या शेवटी लाल रंग ठिपक्याठिपक्याने सुरू होत होता, जानेवारीत सगळा कागद लालभडक झाला होता, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर विरत गेला होता. खाली बाईंनी बेरजा लिहिल्या. डिसेंबर शहाण्णव, जानेवारी एकशे सत्त्याऐंशी, फेब्रुवारी एकोणपन्नास. एकूण तेच तीनशे बत्तीस. लाल रंगाची नळी संपली तेव्हा पुंडलिकरावांनी शेवटच्या दोन पट्ट्या कुंकवाने भरल्या.

सोमवारी बाईंनी तो कागद गुंडाळून कार्यालयात आणला आणि कपाटामागे उभा करून ठेवला. पुढे काय करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, असं त्या म्हणायच्या. अमरसिंग म्हणायचे, 'बाईनं ठरवलं नव्हतं तं मले कपाट दाखवून कायले ठेवलं होतं?'

बुधवारी पंधरा मार्चला पथक आलं. पाच माणसं, त्यात आभा नावाच्या एक बाई, पांढरे केस, हातात साधी वही. जेवण झालं, मठ्ठा झाला, आणि पावणेदोनला सभागृहात साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. पहिलं चित्र बोंडाचं, दुसरं चित्र नकाशाचं, तिसऱ्या चित्रात छाटलेला डिसेंबर. जानेवारीत आम्ही परिस्थितीवर नियंत्रण मिळवलं, असं साहेब हिंदीत सांगत होते. आभाबाईंनी वही चाळली आणि हात वर केला.

'पिछले हफ्ते के फॅक्स में टोटल तीन सौ बत्तीस था. यहाँ दो सौ तिरानवे है. उनतालीस दिन कहाँ गए?'

साहेब म्हणाले की पुढच्या चित्रात त्याचं स्पष्टीकरण आहे. पुढचं चित्र यायच्या आत दोन वाजले. दोन वाजता यवतमाळात भारनियमन सुरू व्हायचं. दिल्लीहून पथक येवो की स्वर्गातून, वीज मंडळाने वेळ चुकवली नाही. पंखे थांबले, पडदा काळा झाला, कॉम्प्युटरने हळहळल्यासारखा आवाज करून मान टाकली. जनरेटर सुरू करायला माणूस धावला आणि डिझेल नाही हे सांगायला परत आला.

'कागज पर कुछ है?' आभाबाईंनी विचारलं.

मागचं दार उघडलं आणि अमरसिंग गुंडाळी काखेत घेऊन आत आले. त्यांनी ती टेबलावर उलगडली, चारी कोपऱ्यांवर चार पाण्याचे ग्लास ठेवले, खिडकीचा पडदा बाजूला केला आणि भिंतीला टेकून उभे राहिले, जसं काही हेच काम त्यांना नेमून दिलं होतं. उन्हाचा पट्टा बरोबर जानेवारीवर पडला.

पाचही जण वाकून बघायला लागले. वाचायची गरजच नव्हती.

'ये किसने बनाया?'

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई उठल्या.

'मॅडम, मैंने,' त्या म्हणाल्या. 'दिसंबर में इतना कुछ नहीं हुआ. जादा जो हुआ वो जनवरी में हुआ. फॉर्म ने उठा के दिसंबर में रख दिया था.'

'आप को कैसे मालूम, जनवरी में बंद था?'

'मेरे मामा की लडकी की सगाई वहीं हुई, मॅडम. बाईस जनवरी. काटे के सामने. तिहत्तर बंडियाँ खडी थीं. काटा चालू रहता तो मेहमान कहाँ बैठते?'

आभाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली, मग त्र्याहत्तर हा आकडा लिहिला, आणि महिने कसे वेगळे केले ते विचारलं. बाईंनी ढोराचं उदाहरण टाळून तारखांची कृती सांगितली. उशिराची सुरुवात, आधीची अखेर, वजाबाकी. आभाबाईंनी बेलदरीचं उत्तर स्वतः वहीत काढून बघितलं. जमलं. साहेबांनी तेवढ्यात प्रसंग ओळखला आणि मऊ आवाजात सांगितलं की हा आमच्या कार्यालयाचा सुधारित तक्ता आहे, पडद्यावर चुकून जुना आला. असा माणूस कोणत्याही पुरात तरतो.

पथक गेलं. मे महिन्यात त्यांचा जाडजूड अहवाल आला, त्यात बेलदरीबद्दल एक वाक्य होतं आणि जानेवारीबद्दल एक परिच्छेद. साहेबांना खुलासा विचारला गेला, खुलासा समाधानकारक वाटला नाही, आणि शिक्षा म्हणून त्यांची बदली करायचं ठरलं. पण यवतमाळाहून शिक्षा म्हणून माणसाला पाठवणार कुठे? शिक्षेची जागा हीच होती. फाइल बरीच फिरली आणि शेवटी त्यांना पुण्याला पाठवण्यात आलं, जिथे जायचा अर्ज त्यांनी तीन जानेवारीला केला होता. जाताना ते बाईंच्या टेबलापाशी आले. पेढ्यांचा खोका ठेवला.

'तुमच्यामुळे सुटलो, बाई,' ते म्हणाले. ते मनापासून म्हणत होते, हेच त्यातलं वाईट. बाईंनी पेढा खाल्ला. चांगला होता.

बाईंना मात्र ज्ञापन आलं. विहित नमुन्याबाहेरील तक्ता विनापरवानगी सादर केल्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा. बाईंनी सातव्या दिवशी एका ओळीत उत्तर दिलं, 'विहित नमुन्यात महिना किती दिवसांचा असावा याबाबत मार्गदर्शन व्हावे, म्हणजे खुलासा करता येईल.' हे मार्गदर्शन त्यांना कधी मिळालं नाही.

ऑक्टोबरात वरून नवा नमुना आला. बंदच्या तारखा आपोआप महिन्यांत वाटल्या जाणार होत्या. ही पद्धत कोणी शोधली याचा उल्लेख नव्हता, आणि ती शिकवायला अमरावतीला दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. बाईंना हजर राहणं बंधनकारक होतं. शिकवायला अनिमेष नावाचा कंपनीचा हुशार तरुण आला होता, गळ्यात पट्टा, हातात लाल उजेडाचा पॉइंटर. त्याने उदाहरण सोडवून दाखवलं. जानेवारीचे दिवस तीस आले.

मागच्या रांगेत बाईंनी लवंग काढली. शेजारचे अमरावतीकर त्यांना ओळखत नव्हते, म्हणून कोणी उठलं नाही.

'दादा, जानेवारी एकतीसचा असते,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही एकतीस तारखेतून एक तारीख वजा केली. एकतीसावा दिवस धुऱ्यावरच राह्यला. पुढच्या महिन्याची एक तारीख घ्या.'

अनिमेषने दोनदा करून बघितलं. मग त्याने प्रामाणिकपणे विचारलं, 'मॅडम, तुम्ही हे आधी कुठे शिकलात?'

'घरी,' बाई म्हणाल्या. 'भाजी जळाली त्यात.'

नव्या नमुन्यात खाली एक टीप होती. एखादं केंद्र संपूर्ण महिना बंद राहिल्यास प्रभारी अधिकाऱ्याने लेखी खुलासा द्यावा. ती टीप वाचून बाईंना त्या वर्षातला सर्वांत मोठा आनंद झाला, आणि तो नोव्हेंबरअखेरपर्यंत टिकला. नोव्हेंबराच्या तक्त्यात बेलदरी एकोणतीस दिवस बंद, एक दिवस चालू. डिसेंबरात तीस दिवस बंद, एक दिवस चालू. दोन्ही वेळा चालू असलेला दिवस महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस होता. खुलासा द्यावा लागू नये एवढ्यापुरता काटा उघडायचा, आणि पुन्हा कुलूप. माणसाची अक्कल कुठे चालेल याचा नेम नाही. बाईंना राग आला, मग हसू आलं, मग त्यांनी बूथवर जाऊन मामाच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि निरोप ठेवला.

एकतीस जानेवारीला बुधवारी सकाळी बेलदरीचा काटा उघडला तेव्हा फाटकाशी फक्त भगवानरावांच्या दोन बंड्या आणि त्यांच्या जावयाची एक अशा तीनच बंड्या उभ्या होत्या. काट्यावरचा माणूस त्यांना बघून ओशाळला. साडेदहाला मामांचं माप झालं होतं. अकराला त्यांचा फोन कार्यालयात आला.

'विजू, झालं माप,' ते ओरडून बोलायचे, फोन लांबचा असतो म्हणून. 'तुह्या रकान्यानं लेकाच्याईले महिन्यातून एक दिवस तरी उठवलं.'

'एकच दिवस, मामा?'

'मागच्या साली जानेवारीत एकबी नव्हता. समीक्षाले दिवस गेले हायेत, तुले सांगाचं राह्यलं. पेढे घेऊन येतो रविवारी.'

बाईंनी फोन ठेवला. टेबलावर जानेवारीचा कोरा तक्ता होता. त्यांनी बेलदरीपुढे तीस लिहिले. मग पट्टी घेतली आणि शेवटच्या रकान्यानंतर, कोणाची परवानगी न घेता, एक नवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'उघड्या दिवशी किती बंड्या मोजल्या.' खाली आकडा टाकला, तीन. अमरसिंग चहा घेऊन आले होते, त्यांनी तो वाचला.

'आता याच्यावरबी ज्ञापन येईन, बाई.'

'येऊ द्या,' बाई म्हणाल्या आणि खोडरबराने रेघेचं बाहेर गेलेलं टोक पुसलं. 'मले सात दिवस मिळतात उत्तराले. सगळे धरून.'